वायकिंग्जनी पहिल्या फेरीतच क्वार्टरबॅक घ्यावा का?

बर्फवासी | १२ एप्रिल २०२४

मंडळी, पंचवीस तारखेला डेट्रॉइटमध्ये एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉल लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंची निवड, आहे आणि आमच्या मिनेसोटात, वायकिंग्जच्या गावात, सध्या दुसरा विषय नाही. ऑफिस असो, किराणा दुकान असो, मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमातसुद्धा श्रीखंडाच्या रांगेत हीच चर्चा होती.

परिस्थिती अशी. आमचा क्वार्टरबॅक (क्यूबी, म्हणजे चेंडू फेकणारा) कर्क कझिन्स अटलांटाला गेला, चार वर्षं १८० मिलियन डॉलरवर. गेल्या ऑक्टोबरात ग्रीन बेमध्ये त्याचा टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. त्याच्या जागी सॅम डार्नल्डला एका वर्षासाठी १० मिलियनवर आणलंय. आपल्याकडे ११वा पिक (निवडीचा क्रमांक) आहे. शिवाय ह्यूस्टनला यंदाचा आणि पुढच्या वर्षीचा असे दुसऱ्या फेरीतले दोन पिक आणि वर थोडं काही देऊन २३वाही घेऊन ठेवलाय. एवढी जमवाजमव कोणी उगाच करत नाही. न्यू इंग्लंडकडून तिसरा पिक विकत घेऊन कॉलेजचा क्यूबी ड्रेक मे याला आणायचं, असं सगळीकडे बोललं जातंय.

मी २००५ पासून इथे आहे. क्यूबी पाँडर पाहिला (२०११, १२वा पिक). टेडी ब्रिजवॉटर पाहिला (२०१४, ३२वा), आणि ऑगस्ट २०१६ मध्ये साध्या सरावात, कोणी हातही न लावता त्याचा गुडघा निखळला तो दिवसही पाहिला. त्यानंतर घाबरून क्यूबी ब्रॅडफर्डसाठी फिलाडेल्फियाला पहिल्या फेरीचा पिक देऊन बसलो. म्हणून माझं मत: क्यूबी पहिल्या फेरीत घ्यावा, पण ११वर बसून जो मिळेल तो. तीनवर उडी मारण्यासाठी घरदार गहाण टाकू नये. माझी लेक म्हणते, "बाबा, घाबरून केलेला ड्राफ्ट तो हाच." तुम्हाला काय वाटतं?

क्लीव्हलंडचा_काका | १२ एप्रिल २०२४

घेऊ नका. कळकळीने सांगतो.

१९९९ मध्ये आमचा संघ परत जन्माला आला आणि पहिलाच पिक क्यूबी टिम काउचवर लावला. पोरगा चांगला होता हो! पण पुढे उभे राहणारे पाचजण कच्चे. त्याला इतकं आपटलं की खांदा गेला. मग २००७ मध्ये ब्रेडी क्विन, २२वा. २०१२ मध्ये वीडन, २२वा, वय वर्षं २८. २०१४ मध्ये मँझिएल, तोही २२वाच. दर वेळी आम्ही नवी जर्सी घेतली. माझ्या तळघरात एक पेटी आहे, तिच्यात या सगळ्यांच्या जर्सी घड्या घालून ठेवल्यात. बायको म्हणते देऊन टाका. मला देववत नाहीत.

आधी लाइन बांधा, म्हणजे क्यूबीला वाचवणारे ते पुढचे पाचजण. आधी बचाव बांधा. क्यूबी शेवटी.

लेकमिशिगन | १२ एप्रिल २०२४

काका, तुमच्या पेटीत ट्रुबिस्कीची एक माझ्याकडून घाला.

२०१७. आम्ही, म्हणजे शिकागो, तिसरे होतो. एक पायरी वर जायला तीन जादा पिक मोजले आणि ट्रुबिस्की घेतला. त्याच रात्री कॅन्सस सिटीने २७ वरून दहावर येऊन महोम्स उचलला. बाराव्याला वॉटसन गेला. त्या रात्री मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होतो, हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

पण बर्फवासी, माझा निष्कर्ष काकांच्या उलट आहे. आम्ही क्यूबी घेतला ही चूक नव्हती. चुकीचा घेतला ही चूक. ज्याने महोम्स घेतला त्यानेही उडीच मारली होती ना? आणि त्याला एक वर्ष अॅलेक्स स्मिथच्या मागे बसवला, फक्त शेवटचा एक सामना दिला. आता पंचवीस तारखेला आम्ही केलेब विल्यम्स घेणार, तो पिकसुद्धा कॅरोलिनाने उडी मारताना आम्हाला दिलेला आहे.

आकडेमोड | १३ एप्रिल २०२४

सकाळी चहा घेता घेता मोजलं. गेले दहा सुपर बोल (हंगामाचे अंतिम सामने), म्हणजे २०१४ ते २०२३ हे दहा हंगाम. जिंकलेले क्यूबी: ब्रेडी चार वेळा, महोम्स तीन वेळा, पेटन मॅनिंग, फोल्स आणि स्टॅफर्ड एकेकदा.

ब्रेडी १९९वा पिक. फोल्स तिसऱ्या फेरीतला. मॅनिंग आणि स्टॅफर्ड दोघेही पहिल्या क्रमांकाने निवडलेले, पण या दहा वर्षांतली त्यांची जिंकणं दुसऱ्याच घरची: मॅनिंग डेन्व्हरला, स्टॅफर्ड लॉस एंजेलिसला. म्हणजे आपणच पहिल्या फेरीत क्यूबी घेतला आणि त्यानेच आपल्याला ट्रॉफी आणून दिली, असं दहा वर्षांत एकाच संघाचं झालं. कॅन्सस सिटी.

आणि २०२१ च्या पहिल्या फेरीतले पाच क्यूबी बघा. लॉरेन्स १, झॅक विल्सन २, ट्रे लान्स ३, फील्ड्स ११, मॅक जोन्स १५. लान्ससाठी सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीचे तीन पिक दिले होते, तो गेल्या ऑगस्टमध्ये चौथ्या फेरीच्या पिकवर डॅलसला गेला. फील्ड्स आणि जोन्स गेल्या महिन्यात सहाव्या फेरीच्या भावात गेले. विल्सनसाठी न्यू यॉर्क जेट्स गिऱ्हाईक शोधतायत. तीन वर्षांत पाचातला एक जागेवर आहे. मी तरी ११वर बचावाचा माणूस घेईन. डॅनियल हंटर गेल्यावर तिकडे खिंडार पडलंय ते कोण बुजवणार?

लेकमिशिगन | १३ एप्रिल २०२४

आकडेमोड, जिंकलेले मोजलेत, पोचलेले मोजा. बरो (१), गॉफ (१), न्यूटन (१), मॅट रायन (३). चौघेही ज्या संघाने घेतले त्याच संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेले. आणि दहातले चार एकट्या ब्रेडीचे. ब्रेडी हा नियम नाही, तो चमत्कार. १९९व्या पिकवर ब्रेडी मिळेल म्हणून वाट बघत बसायचं?

पुणेरी_पाहुणा | १३ एप्रिल २०२४

माफ करा, मी फक्त सुपर बोलच्या दिवशी पंख खायला भावाकडे जातो. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलावच ना? मग सगळ्यात श्रीमंत संघाने चांगला क्यूबी विकत घ्यावा. एवढी चर्चा कशाला?

रेवती_डॅलस | १३ एप्रिल २०२४

पाहुणे, इथेच गंमत आहे. हा लिलाव नाही, यात बोली लागत नाही. सात फेऱ्या, बत्तीस संघ, आणि गेल्या वर्षी जो सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिली निवड. कॉलेजातल्या मुलाला संघ निवडता येत नाही. पगारही क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेला. २०१० मध्ये ब्रॅडफर्डला पहिला पिक म्हणून ७८ मिलियनचा करार मिळाला होता, त्यातले ५० हमीचे. पुढच्याच वर्षी नियम बदलले आणि कॅम न्यूटनला पहिलाच पिक असून चार वर्षांचे २२ मिलियन मिळाले.

आणि दर संघाला खर्चाची कमाल मर्यादा आहे, यंदा २५५.४ मिलियन. अनुभवी क्यूबी एकटाच वर्षाला ४५ घेऊन जातो. ११वा पिक चार वर्षांचे मिळून साधारण २०-२१ घेईल. उरलेल्या पैशात लाइन घ्या, बचाव घ्या, पास झेलणाऱ्या जेफरसनला खूश ठेवा. तरुण क्यूबी लवकर घ्यायचं खरं कारण हे आहे. तो चार वर्षं स्वस्त असतो, तेवढ्यात बाकीचं घर बांधून घ्यायचं.

आता मी डॅलसची, त्यामुळे मिनेसोटाला एक जुनी गोष्ट आठवण करून देणं माझं कर्तव्य आहे. ऑक्टोबर १९८९, हर्शेल वॉकर. चेंडू घेऊन पळणाऱ्या त्या एका खेळाडूसाठी वायकिंग्जनी आम्हाला पाच खेळाडू आणि ढीगभर पिक दिले. त्या पिकांतूनच आमचा नव्वदच्या दशकातला संघ उभा राहिला, तीन सुपर बोल जिंकले. तेव्हा उडी मारण्याआधी बर्फवासींनी हे वाचावं. :)

बर्फवासी | १३ एप्रिल २०२४

रेवतीताई, मी इथे आलो तेव्हा या गोष्टीला सोळा वर्षं झाली होती आणि तरी माझ्या पहिल्या बॉसने मला पहिल्याच आठवड्यात जेवताना ती सांगितली होती, घरातल्या जुन्या वाटणीची गोष्ट सांगावी तशी.

रेवती_डॅलस | १३ एप्रिल २०२४

मग दुसरी बाजूही सांगते. त्याच १९८९ मध्ये आम्ही पहिल्या पिकने ट्रॉय एकमन घेतला. त्या हंगामात तो अकरा सामने खेळला आणि अकराही हरला. संघ १-१५. आजच्यासारखं वातावरण असतं तर डिसेंबरात लोकांनी त्याला हाकलून दिला असता. पेटन मॅनिंगने पहिल्या वर्षी २८ चेंडू विरोधकांच्या हातात दिले. थांबले म्हणून मिळाले.

वऱ्हाडी_ठसका | १४ एप्रिल २०२४

काहून एवढं डोकं तापवून घेता बे? मिनेसोटात एप्रिलात बर्फ पडते, तिथं कोन्ता पोरगा खुशीनं येईन? जो येईन त्याले घ्या, गरम कपडे द्या, अन् सावजी खाऊ घाला. तिखट खाल्ल्यावर चेंडू बराबर जाते.

बर्फवासी | १४ एप्रिल २०२४

ठसकाभाऊ, आमचं स्टेडियम २०१६ पासून छपराखाली आहे. पण सावजीचा विचार समितीपुढे मांडतो.

रंकाळा | १४ एप्रिल २०२४

मे-बिचं सोडा. आमच्या मिशिगन विद्यापीठाच्या क्यूबी मॅकार्थीकडे बघा की! मी अॅन आर्बरला सात वर्षं आहे, त्याचं एकूण एक घरचं मॅच स्टेडियममध्ये बसून बघितलंय. सुरुवात करणारा म्हणून २७ जिंकल्यात, एक हरलाय. जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद, वॉशिंग्टनला ३४-१३, तेही त्यांचा क्यूबी पेनिक्स समोर असताना. वय एकवीस. तिसऱ्या लाँग डाउनला (अडचणीच्या खेळीला) गडी जो काही चेंडू मारतोय, लई भारी. ११वर मिळाला तर उडीबिडी काही लागत नाही.

आकडेमोड | १४ एप्रिल २०२४

रंकाळा, मनापासून विचारतो: मॅकार्थी जिंकला की मिशिगन जिंकलं? पेन स्टेटविरुद्ध तुम्ही सलग ३२ वेळा चेंडू पळवलात. त्या सामन्यात त्याने एकूण आठच पास टाकले. अख्ख्या हंगामात ३३२. ज्याला संकटात टाकायची वेळच आली नाही त्याच्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे?

रंकाळा | १४ एप्रिल २०२४

भावा, आठातले सात लागले हे सांगायचं राहिलं की तुझ्याकडून. आणि पोरगं एकदा तरी तोंड वाकडं करून बसलं का? जिंकतोय ना संघ, मग दे पळवायला. असला स्वभाव कुठल्या तक्त्यात मोजतोस?

क्लीव्हलंडचा_काका | १४ एप्रिल २०२४

मी वर "आधी लाइन" म्हणालो, त्यावर रात्री झोपताना स्वतःशीच वाद झाला. प्रामाणिकपणे लिहितो.

२००७ मध्ये त्याच पहिल्या फेरीत, ब्रेडी क्विनच्या आधी, आम्ही तिसऱ्या पिकने जो थॉमस घेतला. लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका निष्ठेने काम करणारा माणूस पाहिला नाही. १०,३६३ स्नॅप (खेळी) सलग. एकही चुकवला नाही. गेल्या वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेला, टीव्हीसमोर मी रडलो. आणि हा माणूस आयुष्यात एकही प्लेऑफ सामना खेळला नाही. का? कारण त्याने ज्यांना वाचवलं त्यांच्यातला एकही टिकणारा क्यूबी नव्हता.

तेव्हा नुसती लाइन बांधून होत नाही हेही खरं. मला आता काय म्हणावं कळत नाही.

लेकमिशिगन | १४ एप्रिल २०२४

काका, हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

माईची_लेक | १५ एप्रिल २०२४

मी आकड्यांतली नाही. माझा मुलगा हायस्कूलच्या संघात क्यूबी होता, म्हणून लिहिते.

घरी बसून आपल्याला वाटतं की चेंडू फेकायचा आणि काय. पोराच्या हातात चेंडू आला की अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात पाच जण कुठे पळतायत ते बघायचं, बचाव आधी दाखवला तसाच आहे की फसवतोय ते ओळखायचं, आणि बाजूने कोणीतरी शंभर किलोचा अंगावर येतोय हे माहीत असूनही नजर समोर ठेवायची. पहिल्या वर्षी आमच्या संघात लाइनवर उंच मुलंच नव्हती. तो इतका मार खायचा की दुसऱ्या वर्षी लाइन चांगली मिळाली तरी त्याची नजर रिसीव्हरकडे (पास झेलणाऱ्याकडे) जायचीच नाही, येणाऱ्या माणसाकडेच जायची. सरांच्या लक्षात आलं. त्यांनी त्याला रिसीव्हर केलं. आता आनंदात खेळतो. पण त्याच्या हाताला जी फेक होती ती गेलीच.

एकवीस वर्षांचं पोरही पोरच असतं. म्हणून मला वाटतं, लवकर घ्यायचं की उशिरा हा प्रश्न दुसरा. घेतल्यावर पहिले बारा महिने त्याला कोण सांभाळणार, हा पहिला.

रेवती_डॅलस | १५ एप्रिल २०२४

माईची_लेक, हे व्यावसायिक पातळीवरही जसंच्या तसं होतं. २००२ मध्ये ह्यूस्टनचा संघ नवा होता, पहिल्या पिकने डेव्हिड कार घेतला. पहिल्याच हंगामात ७६ सॅक, म्हणजे पास टाकण्याआधीच तितक्या वेळा आडवा पाडला. तो विक्रम अजून उभा आहे. पुढे तो कधीच सावरला नाही. आणि गेल्या वर्षी कॅरोलिनात ब्राइस यंगला ६२ सॅक, प्रशिक्षक अकरा सामन्यांत काढला. हातात काही नव्हतं, ज्याला चेंडू फेकायचा तो डी. जे. मूरच त्याला मिळवण्यासाठी शिकागोला देऊन टाकला होता!

बर्फवासी | १५ एप्रिल २०२४

या हिशेबाने आमच्याकडे बाजू बरी आहे. डॅरिसॉ आणि ओनील हे दोन्ही टॅकल चांगले. जेफरसन, अॅडिसन, हॉकन्सन चेंडू घ्यायला. प्रशिक्षक ओकॉनेल स्वतः २००८ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेला क्यूबी, जो जेमतेम खेळला. चुका कशा होतात हे त्याला आतून माहीत आहे. आणि डार्नल्ड आहे म्हणजे पोराला पहिल्या दिवशी उभं करायची सक्ती नाही. माईची_लेक, तुमच्या प्रतिसादाने माझं मत पक्कं झालं. लेकीला वाचून दाखवला.

पुणेरी_पाहुणा | १५ एप्रिल २०२४

रच्याकने, हा डार्नल्ड कोण?

आकडेमोड | १५ एप्रिल २०२४

२०१८ चा तिसरा पिक, जेट्सचा. तिथे तीन वर्षं गटांगळ्या, मग कॅरोलिना, मग सॅन फ्रान्सिस्कोत राखीव. लवकर निवडलेल्या आणि वाया गेलेल्या क्यूबींचं उदाहरण म्हणून मी वर त्याचंच नाव लिहिणार होतो.

बर्फवासी | २६ एप्रिल २०२४

झाला! पहिल्या बारात सहा क्यूबी. विल्यम्स, डॅनियल्स, मे, मग आठवा पेनिक्स, तोही अटलांटाला! कझिन्सला सहा आठवड्यांपूर्वी १८० मिलियन देणाऱ्या अटलांटाला! आमच्या घरात दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

मे चा सौदा झाला नाही. आम्ही जेट्सशी बोलून ११ वरून फक्त १० वर सरकलो आणि मॅकार्थी घेतला. लेकीने किंकाळी फोडली. तिच्या खोलीत त्याचा नऊ नंबर लावायचं ठरलंय. नंतर पुन्हा वर सरकून १७व्याला डॅलस टर्नर, बचावाचा. म्हणजे आकडेमोड यांचंही ऐकलं.

रंकाळा | २६ एप्रिल २०२४

पोराला नीट सांभाळा रे. आमच्या घरचा आहे. 🙏

आकडेमोड | २६ एप्रिल २०२४

टर्नर १७व्याला ही चोरी आहे. मॅकार्थीबद्दल मत तेच, पण एकच पायरी आणि स्वस्तात, त्यामुळे तक्रार नाही.

बर्फवासी | ११ ऑगस्ट २०२४

काल पहिला सराव सामना, रेडर्सविरुद्ध. आम्ही तिघं स्टेडियममध्ये होतो. मॅकार्थीचे १७ पैकी ११ पास लागले, १८८ यार्ड, दोन टचडाउन. पहिला पास थेट विरोधकाच्या हातात जाऊ शकला असता असा धसमुसळा वाटला मला, एक खरंच गेलाही, आणि त्यानंतर मात्र मान खाली न घालता खेळला. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर थाप मारली. १९७० च्या सुपर बोलपासून चारही हार पाहिलेला माणूस. म्हणाले, "हा वेगळा दिसतोय."

बर्फवासी | १४ ऑगस्ट २०२४

मॅकार्थीचा गुडघा. मेनिस्कस फाटलाय. शस्त्रक्रिया झाली, पूर्ण हंगाम बाहेर.

आठ वर्षांनी पुन्हा ऑगस्ट, पुन्हा गुडघा. मला आज काही लिहवत नाही.

डॉक_सह्याद्री | १४ ऑगस्ट २०२४

बर्फवासी, ऑर्थोचा माणूस म्हणून थोडा धीर देतो. टेडीचा गुडघा निखळला होता, लिगामेंट तुटलं होतं. हे तसं नाही. मेनिस्कस म्हणजे मांडीच्या आणि नळीच्या हाडामधली कूर्चेची गादी. ती फाटली की दोन वाटा. फाटलेला तुकडा कापून काढायचा, खेळाडू काही आठवड्यांत परत येतो, पण गादी कमी झाल्याने पुढे हाडं घासतात. किंवा टाके घालून शिवायची, मग भरून यायला महिने लागतात. यांनी शिवली आहे. म्हणजे संघाने यंदाचा हंगाम सोडला आणि मुलाची पुढची दहा वर्षं धरली. माझा मुलगा असता तर मीही हेच सांगितलं असतं.

माईची_लेक | १४ ऑगस्ट २०२४

डॉक, धन्यवाद. बर्फवासी, लेकीला सांगा, बसून बघणाराही शिकतो.

वऱ्हाडी_ठसका | १५ ऑगस्ट २०२४

दादा, मन खट्टू करू नका. डार्नल्डले सावजी धाडा.

बर्फवासी | १४ जानेवारी २०२५

धागा वर काढतोय. ठसकाभाऊ, कोणीतरी खरंच धाडलं असावं.

१४ विजय, ३ पराभव. डार्नल्डची ३५ टचडाउन, ४,३१९ यार्ड. ज्याला न्यू यॉर्कने टाकला त्याने. आणि मग डेट्रॉइटमध्ये ३१-९ अशी हार, काल रात्री रॅम्सकडून २७-९. लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे सामना अॅरिझोनात हलवला होता. नऊ सॅक. नऊ! शेवटच्या तासात तो पुन्हा २०१९ चा डार्नल्ड दिसत होता, माईची_लेक यांनी लिहिलं तसा, नजर येणाऱ्या माणसाकडे.

आता सांगा. डार्नल्डला मोठा करार द्यायचा की एकही खरा सामना न खेळलेल्या पोराच्या हाती संघ द्यायचा?

आकडेमोड | १४ जानेवारी २०२५

एप्रिलमध्ये मी डार्नल्डला वाया गेलेला म्हणालो होतो. मागे घेतो. १४ विजय देणारा क्यूबी हातातला सोडणं मला झेपत नाही. त्याला ठेवा.

लेकमिशिगन | १४ जानेवारी २०२५

तुमच्या विभागातला शत्रू म्हणून सांगतो, आम्हाला डार्नल्ड महागात ठेवलेला आवडेल. पैसे त्याच्यात अडकले की लाइन दुरुस्त होणार नाही.

पण एक गोष्ट बघा. डार्नल्ड, मेफील्ड, गॉफ. तिघेही पहिल्या तीनांत निवडलेले, तिघांनाही पहिल्या घराने टाकलं, तिघेही दुसरीकडे उभे राहिले. म्हणजे कॉलेजातली पारख चुकली नव्हती. घर चुकलं होतं. आमचा विल्यम्स यंदा ६८ वेळा जमिनीवर गेला. मला त्याच्याबद्दल शंका नाही, आमच्याबद्दल आहे.

रेवती_डॅलस | १५ जानेवारी २०२५

अनुमोदन. आणि त्या नऊ सॅकमध्ये डार्नल्डने चेंडू धरून ठेवलेले काही होते, पण आतल्या तिघांची, म्हणजे सेंटर आणि दोन गार्ड, अवस्थाही बघवत नव्हती. डॅरिसॉही ऑक्टोबरपासून जखमी. क्यूबी कोणीही असो, मधली भिंत आधी.

रंकाळा | १५ जानेवारी २०२५

पोराला द्या चेंडू. त्याच्यासाठी दहावा पिक दिलाय तो बाकावर ऊब घ्यायला न्हाई.

बर्फवासी | १५ मार्च २०२५

डार्नल्ड सिअॅटलला गेला. तीन वर्षं, १००.५ मिलियन. मला त्याच्यासाठी मनापासून बरं वाटलं, आणि त्याच क्षणी पोटात गोळाही आला.

पण त्या वाचलेल्या पैशांचं काय केलं बघा: इंडियानापोलिसहून सेंटर रायन केली आणि गार्ड विल फ्राइज. बरोबर मधली भिंत. रेवतीताईंनी पहिल्या आठवड्यात सांगितलेला हिशेब मला खरं सांगायचं तर आत्ता उमगला. पोरगा स्वस्त आहे म्हणून त्याच्यापुढे ही माणसं उभी करता आली. मी मात्र वर्षभर डावं-उजवं टॅकल मोजत बसलो होतो.

आता तो खेळेल की नाही, मला माहीत नाही. आकडेमोड यांची भीती मला रात्री अजून जागं ठेवते. लेकीचा नऊ नंबर भिंतीवर आहे, तिचं काही बदललेलं नाही.

आकडेमोड | १५ मार्च २०२५

मी अजूनही डार्नल्डला ठेवला असता. पण फ्राइज आणि केली हे दोन करार पाहिल्यावर, यावेळी आपण हरलो तर निदान वेगळ्या कारणाने हरू.

क्लीव्हलंडचा_काका | १६ मार्च २०२५

सगळं वाचलं, पहिल्यापासून. बर्फवासी, तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा.

यंदा आमच्याकडे दुसरा पिक आहे. आमच्याकडे क्यूबी नाही. लाइन म्हातारी झाली आहे. एप्रिल परत आला. मी अकरा महिन्यांपूर्वी इथे "घेऊ नका" असं लिहिलं होतं आणि आज सकाळपासून कॉलेजच्या पोरांचे व्हिडिओ बघतोय.

आमच्यासाठी वेगळा धागा काढू का?

माईची_लेक | १६ मार्च २०२५

काढा काका. आम्ही येतो.